फक्कीने आखलेला फ्लॅट

आठ दिवस झाले तरी अनगोळच्या साईटवर आलेल्या त्या आजी डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहितेय.

मी बेळगावात घरांचे प्लॅन काढते आणि एकदोन बिल्डरांच्या ब्रोशरचं कामही बघते. ब्रोशरमधल्या प्लॅनात भिंती खऱ्या असतात पण फर्निचर खोटं, हे बाहेरच्या लोकांना कळत नाही. डबल बेड साडेसहा फूट लांब लागतो, तिथं साडेपाच फुटाचा काढतात, कपाट दोन फूट खोल पाहिजे तर दीडच, म्हणजे खोली आपोआप मोठी दिसते. काही सॅम्पल फ्लॅटमध्ये आतली दारंच बसवत नाहीत, कारण दार उघडताना किती जागा खातं ते दिसतं. हे मला पटत नाही आणि कधीच पटलं नाही.

आकड्यांचंही तेच. २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्यात, कार्पेट एरिया म्हणजे घरात प्रत्यक्ष वापरता येणारी जागा कशी मोजायची ते स्पष्ट आहे, बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची धरायची नाही आणि आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या. तरी फोनवर पहिला आकडा सुपर बिल्टअपचाच सांगतात, म्हणजे भिंती, जिना, लॉबीचा वाटा सगळं धरून. अनगोळच्या या स्कीमचा टूबीएचके १०५० चौरस फुटांचा म्हणून सांगत होते, कार्पेट निघाला ७३५.

तर मी मालकांना, म्हणजे स्कीमच्या बिल्डरना म्हटलं, नारळाची झाडं आणि नसलेला स्विमिंग पूल दाखवणारं थ्रीडी राहू दे, शेजारच्या मोकळ्या जागेत पूर्ण फ्लॅटचं लाइनआऊट करू, म्हणजे जमिनीवर खऱ्या मापात आखू, लोकांना त्यातनं चालू दे. ते नाराजीनंच हो म्हणाले. शनिवारी गवंड्यानं दोरी लावून फक्की, म्हणजे आखणीची पांढरी पूड मारली, दारांचे गाळे मोकळे सोडले, दार जिथवर उघडतं ती गोलाईसुद्धा मी स्वतः उभी राहून मारून घेतली, बेड आणि लोखंडी तिजोरी खऱ्या मापात आखली.

रविवारी पाच पार्ट्या आल्या. तीन जण दहा मिनिटांत ‘लहान वाटतंय’ म्हणून गेले. मालक माझ्याकडं बघत राहिले. मोकळ्या मैदानात आखलेली खोली नेहमी लहानच दिसते, भिंती उठल्या की तीच मोठी वाटते, हे प्लिंथच्या, म्हणजे जोत्याच्या वेळी प्रत्येक घरमालकाला आम्ही समजावतो आणि तरी मला आधी सुचलं नाही. म्हणजे खरं दाखवायला गेले आणि लोकांना वेगळंच दिसलं, याचा त्रास अजून होतोय.

चौथ्या पार्टीबरोबर येळ्ळूरच्या आजी होत्या. मुलगा-सून हॉल बघत होते आणि या सरळ मागच्या युटिलिटीत, म्हणजे धुण्याभांड्याच्या जागेत जाऊन उभ्या राहिल्या, साडेतीन बाय चार फूट, दोन्ही हात पसरले तर बोटं फक्कीच्या बाहेर. म्हणाल्या, “पोरी, पावसाळ्यात धुणं कुठं वाळत घालायचं गं?” मी पश्चिमेची बाल्कनी दाखवली. आजींनी नुसतं आभाळाकडं बोट केलं. “पाऊस तिकडनंच येतोय की.”

बरोबर होतं त्यांचं. बेळगावात जून ते सप्टेंबर पश्चिमेकडनं तिरपा पाऊस आत येतो, आणि आम्ही ती बाल्कनी सनसेट व्ह्यू म्हणून विकत होतो. जुन्या घरांत सोप्यात, परड्याकडच्या पडवीत दोऱ्या बांधायला जागा असायची. आम्ही शिकलेल्या माणसांनी ती काढून टाकली आणि बदल्यात काहीच दिलं नाही. वर्षाचं तांदूळ कुठं ठेवायचं हे त्यांनी पुढं विचारलं, त्याचंही उत्तर माझ्याकडं नव्हतं.

संध्याकाळी मी मालकांना म्हटलं, युटिलिटी वाढवून पूर्वेला घेऊ, आत्ताच बदल सोपा आहे, अजून एकही बुकिंग नाही, नंतर बिल्डिंगचा मंजूर प्लॅन बदलायचा तर फ्लॅट घेतलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांची लेखी संमती लागते. ते म्हणाले, धुण्यासाठी मी प्लॅन बदलू होय? वर फक्कीचा खर्चही काढला. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या घरचं धुणं कोण वाळवतं हे त्यांनी कधी बघितलेलंच नाही.

काल आजींच्या मुलाचा फोन आला. किंमत विचारली नाही, फ्लोअर विचारला नाही. “मॅडम, आई विचारतीया, ते धुण्याचं काय बघितलासा काय?”

नवीन ड्रॉइंग काढून टेबलावर ठेवलंय. उद्या परत मालकांकडं जाणार आहे.