चोर, मामांचं रिव्हॉल्वर आणि माझं छर्ऱ्याचं पिस्तूल

गेल्या वर्षी चैत्रात, जोतिबाच्या यात्रेच्या गडबडीत, आमच्या गल्लीत एक घर फुटलं. माणसं गावाकडं गेलेली, चोरांनी कडी उचकटली, कपाट फोडलं आणि जाताजाता फ्रिजमधलं श्रीखंड पण संपवलं, रिकामा डबा चमच्यासकट ओट्यावर ठेवून गेले. सोनं किती गेलं यापेक्षा गल्लीत त्या श्रीखंडाचीच चर्चा जास्त. पण मला त्या रात्रीपासून नीट झोप लागंना, मांजरानं पत्र्यावर उडी मारली तरी उठून बसायचो.

त्यात नेमबाजीची हौस जुनीच. कोल्हापुरात राहून नसणार कशी, तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाल्या, राही सरनोबत यांनी २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलला गोल्ड मारलं, आणि २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमधून ब्राँझ आणलं त्या दिवशी आमच्या मशीनशॉपमध्ये पेढे वाटण्यात अर्धा तास मशीन बंद होती आणि मालक पण काही बोलला नाही. तर डोक्यात किडा वळवळला की एक चांगलं पिस्तूल घ्यावं, रविवारी रेंजवर टार्गेट मारायचं आणि रात्री उशाला ठेवायचं. बायको म्हणाली, "आधी मागच्या दाराची कडी बदला." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मग चौकशी सुरू. यूट्यूबवर अमेरिकेतली माणसं 'नऊ एमएम घ्या, पंधरा गोळ्यांचं मॅगझिन घ्या' म्हणून सांगत असतात, ते सगळं आपल्याकडं विसरायचं, कारण ९ एमएम हा आपल्या कायद्यात प्रतिबंधित बोअर (म्हणजे नळीचं माप) आहे. साध्या माणसाला लायसन मिळालंच तर हँडगनमध्ये खेळ बहुतेक ३२ बोअरचा. त्यात कानपूरचं जुनं मार्क थ्री रिव्हॉल्वर, तिथलंच २०१४ ला आलेलं हलकं 'निर्भीक', २०२३ ला आलेलं 'प्रबळ', आणि पिस्तूलच पाहिजे तर ईशापूरचं 'अशनी'. निर्भीक आलं तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती, तेवढ्यात चांगली सेकंडहँड बाईक येते राव. आणि लायसन म्हणजे काय किराणा दुकानातनं आणायची वस्तू नाही. वय २१ पूर्ण, कलेक्टर ऑफिसला अर्ज, पोलिसांची चौकशी, हत्यार हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, आणि मुळात तुम्हाला कशासाठी पाहिजे ते पटवून द्यायचं. 'गल्लीत श्रीखंड चोरीला गेलं' हे कारण तिथं चालेल असं मला काही वाटेना.

आमच्या मामांकडं आहे रिव्हॉल्वर. मिलिटरीतनं रिटायर, कागलकडं मळ्यात वस्तीवर राहतात, त्यांचं लायसन लई जुनं. गेलो एका रविवारी. म्हटलं, "मामा, जरा दाखवा की." त्यांनी पंच्यात गुंडाळलेलं काढलं, वरची खिटी दाबून मधनं वाकवून उघडलं, सहाही घरं रिकामी आहेत ते स्वतः बघितलं, मला दाखवलं, परत बघितलं. मी हात पुढं केला तर म्हणाले, "लायसन माझं, हात पण माझाच. तू नुसतं बघ."

तर बघितलं. मी आयुष्यभर लेथ आणि मिलिंगवर काम केलेला माणूस, मला बोअर-बिअरपेक्षा बघायचा होता ट्रिगर. मामांनी भिंतीकडं नळी धरून घोडा (मागचा हातोडा) न ओढता नुसता ट्रिगर दाबला. बोटाचं पेर पांढरं पडलं, गोळ्यांच्या घरांचा सिलिंडर हळूहळू फिरला, घोडा मागं गेला, आणि खट् व्हायच्या आधी नळीचं टोक चांगलं बोटभर खाली झुकलं. तीन इंची नळी, नेम धरायची पुढची माशी एवढीशी, मागं नुसती एक खाच. मामांचा हात अजून दगडासारखा आहे, तरी ही गत. घोडा आधी ओढून ठेवला तर ट्रिगर एकदम हलका होतो, नेम पण बरा लागतो, पण अंधारात, घाबरलेल्या हातात, घोडा ताणलेलं रिव्हॉल्वर म्हणजे चोराच्या आधी घरातलंच कोणीतरी जायचं. जड ट्रिगर मुद्दाम तसा केलेला असतोय, चुकून उडू नये म्हणून. तिथंच माझं अर्धं गणित फिसकटलं, कारण टार्गेटसाठी हवा तो ट्रिगर घरासाठी नको आणि घरासाठी हवा तो टार्गेटला नको.

उरलेलं अर्धं मामींनी फिसकटवलं. मी म्हटलं, समजा आत्ता रात्रीचे दोन वाजलेत आणि दार वाजलं, काढा बघू. मोबाईलवर टाईम लावला. मामा उठले, चष्मा शोधला, कपाटाची किल्ली मामींच्या कमरेला, मामी गोठ्यात, मामींना हाक, मामी येईपर्यंत कुत्र्यानं गोंधळ घातला, कपाट उघडलं, रिव्हॉल्वर मिळालं, गोळ्या मात्र दुसऱ्या कपाटात धान्याच्या कागदपत्रांखाली, कारण घरात नातवंडं असतात आणि दोन्ही एका जागी ठेवायचं नाही हा मामांचा नियम. चार मिनिटं वीस सेकंद. मामा शांतपणे म्हणाले, "आणि हेच बरोबर आहे. झटकन हाताला लागंल असं ठेवलं तर पोरांच्या पण झटकन हाताला लागतंय."

वर निवडणुका. आचारसंहिता लागली की मामांना ठाण्याचं बोलावणं, हत्यार जमा करा. २०२४ ला लोकसभा झाली, विधानसभा झाली, दोन्ही वेळेला रिव्हॉल्वर ठाण्यात आणि मामा वस्तीवर काठी घेऊन. "चोरांना पण आचारसंहिता असती काय रं?" असं त्यांनी मला विचारलं, मी काय उत्तर देणार.

कायद्याचं एका वकील मित्राला विचारलं. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, नव्या न्याय संहितेत कलम ३४ ते ४४, रात्री घर फोडून शिरणाऱ्याबद्दल ४१ मध्ये वेगळं लिहिलंय. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायचा हक्क कुणालाच नाही, पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत गोळी मारली की पुढची वर्षं तुमची कोर्टात. "श्रीखंडासाठी जन्मठेप घेऊ नकोस भावा," असं म्हणाला तो, आणि चहाचे पैसे मलाच द्यायला लावले.

मग सरळ कोल्हापुरातल्याच दुधाळीच्या शूटिंग रेंजवर गेलो. तिथल्या सरांना सगळं सांगितलं, ते हसले पण नाहीत, बहुतेक माझ्यासारखे लई येत असणार. म्हणाले, घराचं डोक्यातनं काढा, १० मीटर एअर पिस्तूलनं सुरू करा. ४.५ मिलिमीटरचा छर्रा आणि २० ज्युलच्या आतली ताकद असली की लायसनची भानगड नाही. २५ मीटरचं .२२ पिस्तूल पाहिजे असेल तर ते खरं फायरआर्म, लायसन लागतंय, ती पुढची गोष्ट.

पहिल्या दिवशी क्लबचं पिस्तूल हातात दिलं. एक हात, दुसरा खिशात. दहा मार्कांचं मधलं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं, आणि ते १० मीटरवर. आणि ट्रिगर! नियमानं कमीत कमी ५०० ग्रॅम, अर्ध्या लिटरच्या पिशवीएवढा ओढ, पण असा गुळगुळीत की मला आमच्या शॉपमधलं ग्राइंड करून एकदम सपाट केलेलं सरफेस प्लेट आठवलं. बोट ठेवलं, विचार केला, आणि छर्रा गेला पण. टार्गेटच्या बाहेर. सर म्हणाले, काळा ठिपका बघू नका, पुढची माशी बघा, ठिपका अंधुक दिसला तरी चालतंय. हे समजायला मला दोन महिने लागले.

घ्यायचं म्हटल्यावर परत डोक्याला ताप. वॉल्थर, स्टायर, मोरिनी, पार्डिनी, फाइनवेर्कबाऊ, नावं सगळी बाहेरची आणि नव्याचे दर लाखाच्या पुढं. लोक ब्रँडवरनं भांडतात, मला विचाराल तर पहिल्या वर्षी ब्रँडचा काडीचा फरक पडत नाही, फरक पडतो ग्रिपचा, म्हणजे मुठीचा. लाकडी ग्रिप लहान-मोठ्या साइजमध्ये येते, हातात चुकीची असली की जगातलं भारी पिस्तूल पण डावीकडंच मारतंय. मी सेकंडहँड घेतलं, पुण्याच्या एका मुलानं रायफल सुरू केली म्हणून विकलं. एक चूक होता होता वाचली, ती सांगतो, कारण कुणी सांगत नाही: हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते, २०० बारचं प्रेशर आत असतंय आणि कंपन्या सिलिंडरला साधारण १० वर्षांचं आयुष्य देतात, मॅचमध्ये तारीख उलटलेला सिलिंडर घेऊन उभं राहता येत नाही. मी आधी बघितलेलं एक पिस्तूल नव्यासारखं चकाचक, भाव एकदम कमी, आणि दोन्ही सिलिंडरच्या तारखा कधीच्या संपलेल्या. बघितलं, गोड बोललो, उठलो.

हे पिस्तूल चोरावर चालवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. एका वेळी एकच छर्रा, भरायला दहा सेकंद, आणि डोळ्यात गेला तर मात्र डोळा जातोच, त्यामुळं हे पण कुलपातच असतंय. घरासाठी मागच्या दाराला ग्रिल बसवली, आमच्याच शॉपमधल्या वेल्डरकडनं, कडी पण बदलली (बायकोनं त्यावर एक शब्द बोलला नाही, नुसतं बघितलं), आणि उशाला मोठी टॉर्च आहे.

६० छर्ऱ्यांत माझा आत्तापर्यंतचा बेस्ट ६०० पैकी ५११. ग्रिप अजून अंगठ्याच्या मुळाशी टोचतीय, रोज रात्री जेवण झालं की कानसनं थोडी घासतो, हातात धरून बघतो, परत घासतो. काल बायकोच्या पोह्यांच्या ताटात लाकडाचा भुसा गेला. आजपासून गच्चीवर बसून घासायची परवानगी आहे, अंधार पडायच्या आत.