टक्क्यांचा जीपीए करताना

अमेरिकेतील एमएस या पदव्युत्तर पदवीसाठी अर्ज भरणारे विद्यार्थी माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांनी आपले टक्के 25 ने भागून जीपीए, म्हणजे 4 पैकी मोजली जाणारी श्रेणींची अमेरिकी सरासरी, काढून ठेवलेला असतो. 65 टक्क्यांचा 2.6 होतो, आणि अनेक विद्यापीठे किमान 3.0 ची अपेक्षा ठेवत असल्यामुळे प्रथम वर्गात उत्तीर्ण झालेली मुलगी अर्ज करण्याआधीच स्वतःला अपात्र ठरवते. हा भागाकार चुकीचा आहे, हे मला अगदी स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

अमेरिकी पद्धतीत ए म्हणजे 4, बी म्हणजे 3, सी म्हणजे 2, डी म्हणजे 1 आणि एफ म्हणजे शून्य. तिथे ए साठी साधारणपणे 90 च्या पुढे गुण लागतात आणि 60 च्या खाली गेलेला विद्यार्थी बहुधा नापास होतो. आपल्याकडील अनेक विद्यापीठांत मात्र 40 ला उत्तीर्ण, 60 ला प्रथम वर्ग, आणि एखाद्या कठीण पेपरात 75 मिळाले तर प्राध्यापकही कौतुक करतात. दोन्हीकडे आकडे शंभरापैकीच असले, तरी आपल्या 65 चे मोल आपल्याच विद्यापीठाच्या निकालावरून ठरवावे लागते.

परदेशी पदव्यांचे मूल्यमापन अमेरिकेचे केंद्रीय शिक्षण खाते करत नाही. ते काम विद्यापीठे स्वतः करतात किंवा 1974 पासून काम करणाऱ्या न्यूयॉर्कच्या वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या खासगी संस्थांवर सोपवतात. विषयवार अहवालात प्रत्येक विषयाच्या गुणांना आधी अमेरिकी श्रेणी दिली जाते आणि मग क्रेडिटच्या, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेल्या भाराच्या, प्रमाणात सरासरी काढली जाते. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. समजा, एखाद्या तक्त्यात 60 आणि त्यापुढे 4 गुणांक, तर 40 ते 49 ला 2 गुणांक धरले आहेत. समान क्रेडिटच्या चार विषयांत 66, 65, 64, 65 मिळवणाऱ्याचा जीपीए 4.0 येईल, 85, 82, 47, 46 मिळवणाऱ्याचा 3.0 येईल. एकूण टक्के मात्र दोघांचेही 65 च. म्हणूनच केवळ अंतिम टक्केवारीवरून जीपीए सांगणाऱ्या गणकयंत्रावर मी विसंबत नाही.

दहापैकी सीजीपीए, म्हणजे सर्व सत्रांची एकत्रित श्रेणी-सरासरी, मिळालेल्यांची अडचण थोडी वेगळी आहे, कारण ते आधी टक्के काढतात आणि मग जीपीए. सीबीएसईने दहावीसाठी पूर्वी दिलेला 9.5 ने गुणण्याचा नियम अनेकजण अभियांत्रिकीच्या पदवीलाही लावतात, तर एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक संस्थेच्या सूत्रात सीजीपीएमधून 0.75 वजा करून 10 ने गुणले जाते. 7.25 चे पहिल्या रीतीने जवळजवळ 69 टक्के होतात आणि दुसऱ्या रीतीने 65. अशा दुहेरी रूपांतरातून हाती आलेल्या आकड्यावर एखाद्या तरुणाने आपल्या विद्यापीठांची यादी ठरवावी, हे मला फार काळजीचे वाटते.

बहुतांश अर्जांत खरे तर रूपांतराची गरजच नसते. अनेक पदव्युत्तर विभाग आपल्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहितात की गुण मूळ पद्धतीतच द्यावेत, स्वतः 4.0 च्या मापात बदलू नयेत. अर्जात जीपीए आणि कमाल मर्यादा असे दोन रकाने असतील, तर 7.25 आणि 10 किंवा 65 आणि 100 असे भरावे. एखाद्या विभागाने 4.0 च्या मापातच आकडा मागितला, तर त्यांनी दिलेला तक्ता वापरावा, आणि मूल्यमापनाचा अहवाल मागितला, तर कोणत्या संस्थेचा चालेल हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

मार्कशीटच्या मागे छापलेली श्रेणीपद्धती स्कॅन करायला बरेच जण विसरतात. आपल्याकडे प्रथम वर्ग कुठे सुरू होतो आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा किती आहे, हे गुण तपासणाऱ्याला त्याच पानावरून कळते. ते पान अपलोड केलेल्या फाइलमध्ये असायलाच हवे. छापलेले नसेल, तर ट्रान्स्क्रिप्टचा, म्हणजे सर्व गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा, अर्ज करतानाच विद्यापीठाकडे श्रेणीपद्धतीचे पत्र मागावे.