झोपलेला कॉम्प्युटर आणि देवघरातला झिरो

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वात कडक नऊ दिवस, सुरू होता. दुपारी दोनच्या सुमारास नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातून एका काकांचा फोन आला. "भाऊ, ते वॅट मोजायचं यंत्र आहे न तुमच्याकडे? घेऊन या. आज फैसला करायचा आहे." कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात पंधरा वर्षं काढली. फॉरमॅट मारायला, रॅम टाकायला लोक बोलावतात. फैसल्याला पहिल्यांदाच कोणी बोलावलं.

घरात शिरलो तर बापलेक दोन टोकांना तोंडं फिरवून बसलेले. काकूंनी पन्ह्याचा ग्लास हातात दिला आणि काकांनी विजेचं बिल. बिलाच्या मागे पेन्सिलीने गणित मांडलेलं होतं : 50 वॅट, 24 तास, 30 दिवस, 36 युनिट. पोरगा व्हिडिओ एडिटिंगची कामं घेतो आणि मशीन शटडाऊन न करता स्लीपवर टाकून उठतो. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने वायरला क्लॅम्प मीटर, म्हणजे चिमट्यासारखं वायरभोवती धरून करंट मोजायचं यंत्र, लावून 0.22 अँपिअर दाखवले होते. गुणिले 230, म्हणजे पन्नास वॅट. "पाहा न भाऊ, झोपेतबी खाऊन राहिला हा डबा!"

पोरगा म्हणाला, "बाबा, स्लीपमध्ये दोन-तीन वॅटच्या वर जात नाही."

पोराचं म्हणणं पटण्यासारखं होतं. स्लीपमध्ये प्रोसेसर, डिस्क, पंखे सगळं बंद होतं. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जांभळ्या वायरवर पाच व्होल्टची स्टँडबाय लाइन तेवढी जिवंत राहते. रॅममधलं काम त्या लाइनवर टिकून असतं, आणि कीबोर्डचं बटण दाबलं की मशीन उठतं तेही तिच्यामुळेच. पण नुसतं तोंडाने सांगून काका ऐकणार नव्हते.

इलेक्ट्रिशियनचीही मी चेष्टा करणार नाही. धंद्यात नवीन असताना मी अख्ख्या केबलभोवती क्लॅम्प लावला होता आणि शून्य आलं म्हणून मीटर दुकानदाराला परत करायला निघालो होतो. जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात, एकच वायर पकडावी लागते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. याने वायर बरोबर पकडली होती, चूक गुणाकारात होती. अँपिअर गुणिले व्होल्ट म्हणजे वॅट, हे बल्बला आणि गिझरला चालतं. एसएमपीएस आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये करंट आणि व्होल्टेज पावलाला पाऊल लावून चालत नाहीत. बराचसा करंट नुसता येऊन परत जातो, आणि घरगुती बिल त्याचं लागत नाही.

माझं सॉकेटमध्ये लावायचं मीटर खरे वॅट दाखवतं. पण स्वस्तातलं आहे, चार-पाच वॅटच्या खाली त्याच्यावर विश्वास ठेवू नये. त्यावर माझी एक युक्ती आहे : एक साधा बल्ब सोबत लावायचा आणि फरक पाहायचा. पिशवीतला टेस्ट होल्डर काढला आणि बल्ब मागितला. घरभर एलईडी. शेवटी काकूंनी देवघरातला लाल झिरोचा बल्ब काढून दिला, जरा नाखुशीनेच.

झिरो एकटा लावला : 14.2 वॅट. कॉम्प्युटर थेट भिंतीच्या सॉकेटला देऊन स्लीपमध्ये टाकला आणि झिरो सोबत ठेवला : 17.3. म्हणजे कॉम्प्युटरचे 3.1. शटडाऊन करून पाहिलं तर दीडच्या आसपास, आणि मागे लॅन पोर्टचा दिवा लुकलुकतच होता. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगांमध्ये, ईआरपी नावाची सेटिंग असते, ती चालू केली की तेही जवळजवळ थांबतं. बंद उपकरणाने अर्ध्या वॅटवर जायचं नाही, असा युरोपचा नियम 2013 पासून आहे, ही सेटिंग त्याच नियमांच्या घरातली.

पोराने टाळी वाजवली. काका हलले नाहीत. "तुमचं यंत्र तुमचंच बोलणार. मला बिलाचं मीटर काय म्हणते ते दाखवा."

हेही रास्तच होतं. त्यांच्या मीटरवर 3200 छापलेलं होतं, म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करायचं आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे. 1125 भागिले सेकंद, उत्तर वॅटमध्ये. फ्रिज बंद, पंखे बंद आणि नवतप्यात कूलरही बंद. काकूंनी कूलरच्या ताट्यांकडे अशा नजरेने पाहिलं, जणू घरातलं कोणी गावाला चाललंय. कॉम्प्युटर पुन्हा यूपीएसवर घेतला, रोज असतो तसा, स्लीपमध्ये. पोरगा मोबाइलचं स्टॉपवॉच धरून मीटरपाशी उभा राहिला, आम्ही वर्तमानपत्राने वारा घेत बसलो.

वीस सेकंद. पुन्हा वीस. म्हणजे 56 वॅट.

काका उठून उभे राहिले. खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं की गल्लीतला तो इलेक्ट्रिशियन बरोबर आणि आपण पंधरा वर्षं गाढव. पण 3 आणि 56 मध्ये यूपीएस धरूनही एवढं अंतर बसेना. घर एकदम शांत होतं, पंखा नाही, कूलर नाही, आणि त्या शांततेत पॅसेजमधून बारीक घूं ऐकू आलं. इन्व्हर्टर! डीबीवरची, म्हणजे घराच्या मुख्य स्विचपेटीवरची, नावं पुसलेली, आणि त्याचा प्लग निघाला कॉम्प्युटरच्याच एमसीबीवर, त्या पेटीतल्या एकाच स्विचवर. तो काढला तशी लुकलुक थेट एकोणसाठ सेकंदांवर गेली : 19 वॅट.

या एकोणीसमध्ये कॉम्प्युटरचे तीन. बाकीचे एकेक प्लग काढून वेगळे केले. मॉनिटरचा अर्धा, जुन्या स्पीकरच्या ट्रान्सफॉर्मरचे चार, आणि उरलेले साडेअकरा यूपीएसचे. तो हाताला कोमट लागत होता. आतल्या ट्रान्सफॉर्मरची आणि बॅटरी चार्जिंगची भूक चोवीस तास असते, कॉम्प्युटर जागा असो की झोपलेला.

आणि इन्व्हर्टरचे 37. बॅटरीची झाकणं उघडली तर पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. अशी बॅटरी पूर्ण भरतच नाही, चार्जर बिचारा ढोसत राहतो. "पाणी कधी टाकलं होतं?" मी विचारलं. काकू काकांकडे पाहू लागल्या. "मागच्या दिवाळीत," काका म्हणाले, मग दुरुस्त केलं, "त्याच्या मागच्या." महिन्याचे साडेसव्वीस युनिट तिथे. पोरगा गालात हसला, पण बोलला नाही, शहाणा आहे. मी एवढंच म्हणालो की पाणी टाका, पण बॅटरीवाल्यालाही एकदा दाखवा, तिचं वय झालंय. कूलर, पंप आणि फ्रिजचा मे महिना याच बिलात आहे हेही सांगितलं, ते त्यांना फारसं आवडलं नाही.

कूलर सुरू झाला, जिवात जीव आला. मी होल्डरमधून बल्ब काढून काकूंना परत देत होतो, तेवढ्यात काकांनी बिल पुन्हा उलटं केलं आणि पेन्सिल घेतली.

"भाऊ, हा झिरो किती म्हणाले तुम्ही?"

"चौदा."

"नाव झिरो न जी याचं?"

"नावच तेवढं झिरो, काका."

चोवीस तास, तीस दिवस. पेन्सिल थांबली : दहा युनिट. झोपलेल्या कॉम्प्युटरच्या चौपटीहून जास्त, तेही कित्येक वर्षांपासून. काकांनी देवघराकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"पाहू नका," काकू म्हणाल्या. "देवाले अंधारात नाही ठेवत मी. तुमचा तो कॉम्प्युटर विकून टाका पाहिजे तर."

मी घाईघाईने सांगितलं की बर्डीच्या बाजारात अर्ध्या वॅटचा एलईडी झिरो मिळतो, पुढच्या खेपेला घेऊन येतो.

काकू बल्ब पदराने पुसत होत्या. "लाल भेटते का त्याच्यात?"