काचेवरचा आगंतुक

प्रवाळांच्या टाकीची काच घासताना खरवडणी अडली. कोरलाइन, म्हणजे चुन्यासारखं कडक चिकटणारं शेवाळ असलं की ती आधी किरकिरते आणि मग पुढे सरकते. ही एकाच जागी अडली, मध्ये खडा यावा तशी. जोर लावणारच होते, पण काय वाटलं कोण जाणे, चष्मा कपाळावर सरकवून काचेला नाक लावलं. टाचणीच्या डोक्याहून जेमतेम मोठा, मळकट तपकिरी ठिपका. मी बघतेय तोवर त्याने आत ओढून घेतलेले हात एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली.

रीफ टँक, म्हणजे घरात प्रवाळं वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी, पाळणाऱ्या माणसाच्या मनात अशा वेळी येणारा पहिला विचार मुळीच प्रेमळ नसतो. तो असतो : आयप्टेशिया! लाइव्ह रॉकच्या, म्हणजे टाकीत ठेवायच्या जीवजंतूंसकट खडकाच्या, भेगेत दडून येणारं हे समुद्रफूल दिसायला नाजूक आणि वागायला बेरकी. उपटायला जावं तर अंग चोरून भोकात शिरतं, आणि फाटलं तर मागे राहिलेल्या चिंधीतून पुन्हा उभं राहतं. त्यामुळे दिसलं की चुन्याच्या घट्ट पेस्टची सिरिंज घ्यायची आणि थेट तोंडावर पिचकारी मारायची, असा आमच्यात शिरस्ता आहे. याच नादात माझ्याहून कितीतरी वर्षं आधी पडलेल्या मित्राला फोटो पाठवला. अर्ध्या मिनिटात उत्तर : "अगं, आधी उडव. विचार मग कर."

पण खरवडणी अडली होती ना! समुद्रफुलाला हाडं नसतात. त्याच्यावर पातं अडायचं काही कारण नाही. मग पाणी हलवणारा वेव्हमेकर बंद केला, पाणी स्थिर होऊ दिलं आणि पिपेटच्या टोकाने अगदी हलकं टोचलं. हात झटकन आत गेले आणि तिथे मऊ गोळा न उरता एक बारीकशी पांढुरकी कड उरली, बशीच्या काठासारखी. म्हणजे हा उपरा स्वतःचं घर बांधून बसला होता. चुनखडीचं, पक्कं.

आगंतुक काचेवर बसला की एक मोठी सोय होते, ती खडकावर बसलेल्याच्या बाबतीत होत नाही. त्याचा तळ बाहेरून दिसतो. वरून बघावं तर हात, तोंड आणि मांस. बाहेरून, काचेच्या या बाजूने बघावं तर थेट पायाभरणी. दागिने तपासायचं भिंग आणि टॉर्च घेऊन मी जमिनीवर मांडी घालून बसले. वाटोळ्या पांढऱ्या चकतीत मधून कडेकडे जाणाऱ्या रेषा होत्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या. पहिल्यांदा मोजल्या तेव्हा अकरा भरल्या, दुसऱ्यांदा तेरा. तिसऱ्यांदा जिथून सुरुवात केली तिथे काचेवर बाहेरून पेनाने खूण केली आणि मग बरोबर बारा भरल्या. वर येऊन हात मोजले. तेही बारा.

हा बाराचा आकडा म्हणजे या मंडळींची घराण्याची खूण. दगडी प्रवाळांचा सगळा संसार सहाच्या पाढ्यात चालतो. पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा एकेक हातवाला जीव, ज्या पेल्यात बसतो त्या पेल्यातले उभे पडदे सहा, बारा, चोवीस असे वाढत जातात. 'पोवळं' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जो लाल मणी येतो, तो भूमध्य समुद्रातल्या लाल प्रवाळाचा; त्याच्या पॉलिपला आठ हात असतात, म्हणजे तो या घराण्यातलाच नव्हे, लांबचा भाऊबंद.

त्या लाल प्रवाळापायी एका डॉक्टरची फार शोभा झाली होती. मार्सेयचा झाँ-आंद्रे पेसोनेल. प्रवाळ ही पाण्यातली झुडपं आणि त्यांच्यावर दिसतात ती फुलं, असं त्या काळचे विद्वान मानून चालत. 1720 च्या दशकात पेसोनेलने जिवंत प्रवाळ समुद्राच्या पाण्यासकट भांड्यात ठेवून पाहिलं आणि सांगितलं की ही फुलं नव्हेत, हे प्राणी आहेत. धक्का लागला की मिटतात, शांत झालं की उघडतात. पॅरिसच्या अकादमीत रेऑमूर या नावाजलेल्या निसर्गअभ्यासकाने हे मत मांडताना पेसोनेलचं नावसुद्धा घेतलं नाही. म्हणे त्याचं हसं होऊ नये म्हणून! पुढे 1740 च्या दशकात गोड्या पाण्यातल्या हायड्रा या चिमुकल्या प्राण्यावरचे प्रयोग गाजले, तेव्हा कुठे त्याचं म्हणणं खरं ठरलं. भांड्यात खारं पाणी, त्यात प्रवाळ आणि बाहेर नाक लावून बसलेला एक माणूस. आमच्या छंदाचा मूळपुरुष मी त्यालाच मानते.

तर प्राणी, दगडी, बारा हातांचा. पुढे काय? छंदाच्या भाषेत त्याला एसपीएस म्हणून मोकळं होता येतं, म्हणजे लहान पॉलिपवाला. मोठ्या पॉलिपवाले ते एलपीएस. टँकमध्ये कोण कुठे ठेवायचा, कोणाला किती उजेड नि किती प्रवाह, एवढं ठरवायला ही विभागणी बरी आहे. नात्यागोत्याशी तिचा संबंध नाही. उंचीवरून माणसांची आडनावं ठरवण्यातलाच प्रकार.

रंगावरून ओळखावं म्हटलं तर त्याहून फसगत. माझ्या टँकमध्ये याची आई असू शकतील अशी संशयित प्रवाळं दोन : एक गुलाबी पोसिलोपोरा आणि एक जांभळट स्टायलोफोरा. आगंतुक तपकिरी. म्हणजे दोघांचाही नव्हे? तसं नाही. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात, ती उजेडावर साखर बनवतात आणि यजमानाला भरवतात. तो तपकिरी रंग त्यांचा. गुलाबी आणि जांभळा रंग हे प्रवाळाच्या स्वतःच्या प्रथिनांचं काम, आणि ते उजेड भरपूर मिळाला की खुलतं. माझा ठिपका खालच्या कोपऱ्यात, खडकाच्या सावलीत बसलेला. त्याच्या आईलाही मी महिनाभर तिथे ठेवलं असतं तर तीही अशीच मळकट झाली असती. पॉलिपचा आकार, फांद्यांची जाडी, दोन फांद्यांमधलं अंतर, सगळंच उजेड आणि प्रवाह बघून बदलतं. एकाच प्रवाळाचे दोन तुकडे दोन कोपऱ्यांत ठेवा, वर्षाने सख्खे म्हणून ओळखू येणार नाहीत.

खरी ओळख सांगाड्यात असते, आणि तो मांसाखाली. नीट बघायचा तर मांस धुऊन काढावं लागतं, म्हणजे ओळख पटेपर्यंत ओळखायला कोणी उरत नाही. समुद्रात फरशा टांगून त्यांवर नव्याने बसलेली प्रवाळं मोजणारे अभ्यासकही तेच करतात : फरशी बाहेर, मांस साफ आणि सांगाडा सूक्ष्मदर्शकाखाली. एवढं करून बहुतेक वेळा हाती लागतं ते फक्त कुळ. पेल्यांभोवतीची चुनखडी भरीव असेल तर पोसिलोपोराचं कुळ, सच्छिद्र असेल तर अॅक्रोपोराचं, असा तो ढोबळ हिशोब. माझ्या पाहुण्याची, भिंगातून दिसली तेवढी, भरीव वाटली. तेवढ्यावर मी त्याला कुळात घेतलं आणि पुढचं काळावर सोपवलं.

काळावर सोपवलं म्हणायला ठीक आहे, खरं तर केएचवर, म्हणजे पाण्याच्या क्षारतेवर, सोपवलं. क्षारता आठ-नऊ डीकेएचच्या आसपास, कॅल्शियम लिटरला 420 मिलिग्रॅमच्या जवळ आणि तापमान 25-26 अंश. एरवी चाचणी चुकवायला मला कुठलंही निमित्त पुरतं, पण या टाचणीच्या डोक्यासाठी मी आठवड्याला दोनदा थेंब मोजू लागले. दहा-बारा दिवसांत मधल्या पॉलिपच्या कडेला दुसरा डोकावला, मग तिसरा. महिन्या-दीड महिन्यात चकती शर्टाच्या बटणाएवढी झाली, काचेवर झालर पसरावी तशी. मग पसरायचं थांबून ती मध्ये फुगली आणि एक बोथट बोंडूक वर आलं.

आता मात्र पुरावा बोलू लागला. स्टायलोफोराच्या पेल्याला वरच्या बाजूने छोटी पडवी असते, टोपीच्या कडेसारखी. त्याच कुळातल्या सेरियाटोपोराचे पॉलिप फांदीवर ओळीने बसतात आणि टोक सुईसारखं निमुळतं होतं. पोसिलोपोराच्या फांदीवर मात्र चामखिळीसारखे उंचवटे येतात आणि त्या उंचवट्यांवरही पॉलिप असतात. आठव्या महिन्यात एका रात्री, दिवे मालवल्यावर, पॉलिप मिटलेले असताना टॉर्चच्या तिरक्या उजेडात मला पहिली चामखीळ दिसली. चामखीळ दिसल्याचा एवढा आनंद आयुष्यात दुसऱ्या कोणाला झाला असेल असं वाटत नाही. घरातल्यांना उठवलं नाही, एवढाच काय तो विवेक.

पोसिलोपोराच्या घरात पोर असं काचेवर सापडणं नवलाचं नाही. पोसिलोपोरा डॅमिकॉर्निस अंडी नुसती पाण्यावर सोडून देत नाही. आतच वाढवून पोहती अळी बाहेर सोडते आणि ती थोड्याच वेळात जागा धरू शकते. गंमत अशी की या अळ्या पुष्कळदा बापाविना झालेल्या असतात, आईची हुबेहूब नक्कल. दुसरीही वाट आहे. हाल असह्य झाले की एकेक पॉलिप सांगाडा सोडून चक्क निघून जातो. समार्को या शास्त्रज्ञाने 1982 मध्ये सेरियाटोपोरात हे पाहून त्याला 'पॉलिप बेल-आउट' म्हटलं. मागे एकदा हीटर बिघडून माझ्या टँकचं पाणी तापलं होतं. त्यामुळे हा पाहुणा जन्माला आला की पळून आला, याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

नावाचा निकालही अर्धाच. लॅटिन नावात आडनाव आधी येतं. ते पोसिलोपोरा, इथवर माझी खात्री. नावाशी गाडी अडते. 'डॅमिकॉर्निस' म्हणजे हरणाच्या शिंगांसारखी. लिनियसने 1758 मध्ये दिलेलं नाव. 1816 मध्ये लामार्कने 'अक्यूटा' नावाची वेगळी जात सांगितली. पुढे डॅमिकॉर्निसचीच एक तऱ्हा म्हणून ती बाजूला पडली, आणि अलीकडे डीएनए तपासल्यावर पुन्हा स्वतंत्र ठरली. नुसत्या डोळ्यांनी दोघींत फरक करणं जोखमीचं. प्रवाळांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नजर ठेवणारा 'साइट्स' करारही कित्येक प्रवाळांच्या बाबतीत आडनावावर समाधान मानतो. मी कोण मोठी लागून गेले!

मित्राला हे सगळं सविस्तर सांगितलं. तो म्हणाला, "हां, पोसिलोपोरा. माझ्याकडे ओव्हरफ्लोच्या पाइपात उगवलाय, काढून टाकावा लागतो." आठ महिन्यांच्या संशोधनाची ही दखल.

खरवडणी आता त्याला वळसा घालून जाते, त्यामुळे सबंध स्वच्छ काचेवर त्याच्याभोवती तेवढा एक हिरवट चौकोन राहतो. बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, तिथली काच राहिली का पुसायची?

परवा त्याच्यापासून वीतभर अंतरावर दुसरा ठिपका दिसला. तपकिरी, तेवढाच. मी अनुभवी माणसाच्या थाटात चष्मा वर केला, भिंग आणलं आणि हात मोजायला घेतले. बारापाशी काही केल्या थांबेनात, आणि होतेही जरा जास्तच लांब. बाहेरून तळ पाहिला. एकही रेषा नाही. पिपेटने टोचलं तर सगळाच्या सगळा गोळा होऊन मऊ पडला.

चुन्याची सिरिंज कुठल्या खणात ठेवली होती, ते आठवायलाच पाच मिनिटं गेली.