आवडता संपादक आयरिश कसा?

दिवाळी अंकाच्या कामात असल्यामुळे मला दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "तुमचा आवडता संपादक कोण?" विचारणाऱ्याला श्री. पु. भागवत किंवा राम पटवर्धन हे उत्तर अपेक्षित असतं. मी 'शॉन ओ'फेलॉन' या आयरिश कथाकाराचं नाव घेतो आणि समोरचा गप्प होतो. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९०० साली कॉर्क शहरात तो जन्मला तेव्हा त्याचं नाव होतं जॉन व्हेलन. वडील ब्रिटिश राजवटीच्या पोलिसांत शिपाई, राजनिष्ठ. मुलगा मात्र आयरिश भाषा शिकला, नावाचं आयरिश रूप घेतलं आणि इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या स्वयंसेवकांत गेला. पुढे ब्रिटनशी झालेल्या तहावरून यादवी पेटली, तेव्हा तह न मानणाऱ्यांसाठी यानं बॉम्ब बनवले, प्रचाराचं काम केलं. ती बाजू हरली. मग हार्वर्ड, लंडन, मास्तरकी. आयर्लंडमध्ये १९२९ साली सेन्सॉरचा कायदा आला होता आणि १९३२ साली याच्या पहिल्याच कथासंग्रहावर बंदी आली. ज्या देशासाठी घरच्यांच्या विरोधात गेला, त्यानंच त्याला अश्लील ठरवलं!

दुसरा कुणी असता तर लंडनलाच राहून आयर्लंडच्या नावानं बोटं मोडत बसला असता. हा १९३३ साली परत आला.

ऑक्टोबर १९४० मध्ये डब्लिनहून त्यानं 'द बेल' हे मासिक सुरू केलं. बाहेर महायुद्ध, आयर्लंड तटस्थ, कागदाची टंचाई. सोबतीला पेडर ओ'डॉनेल हा डावा, जुना बंडखोर. मासिकाला पुराणातलं एखादं भारदस्त नाव सहज मिळालं असतं, पण जुन्या प्रतीकांत आता जीव उरलेला नाही असं त्याचं म्हणणं होतं, म्हणून नुसती 'बेल', म्हणजे घंटा. पहिल्याच संपादकीयात त्यानं वाचकांना बजावलं, मासिक तुमचं आहे, तुम्ही जे जगताय ते लिहून पाठवा.

माझं मन इथं अडकतं. साधुसंतांचा, शेतकऱ्यांचा पवित्र देश असं चित्र रंगवण्यात राज्यकर्ते आणि चर्च गुंतलेले असताना या मासिकात गरिबी, बेकारी, तुरुंग छापून येत होते. १९४४ मध्ये एका माजी कैद्यानं शिक्षेच्या दिवसांवर लेखमाला लिहिली. लेखकाच्या नावाच्या जागी फक्त त्याचा कैदी क्रमांक, डी ८३२२२. पुढे नाटककार म्हणून गाजलेल्या ब्रेंडन बीहनचं, तो स्वतः राहिलेल्या बाल-सुधारगृहावरचं लिखाण इथं १९४२ साली आलं, तेव्हा बीहन पुन्हा तुरुंगातच होता. शेजारच्या पानांवर एलिझाबेथ बोवेन, पॅट्रिक कॅव्हना, फ्रँक ओ'कॉनर. ही नावं कुठल्याही संपादकाला मिरवावीशी वाटतील, पण मला त्या कैद्याचं पान जास्त मोलाचं वाटतं. नामवंतांचं लिखाण मागवून मिळतं. कैद्याला लिहितं करायला संपादक लागतो.

त्याचं मत बदलायचं, आणि ते तो चारचौघांत बदलायचा. डी व्हॅलेरा या नेत्याचं चरित्र त्यानं दोनदा लिहिलं. १९३३ चं कौतुकाचं, १९३९ चं झोंबणारं.

१९४६ साली त्यानं संपादकपद सोडलं. देशातल्या संकुचितपणाशी भांडून भांडून तो थकला होता. ओ'डॉनेलनं मासिक १९५४ पर्यंत चालवलं. ओ'फेलॉन पुढे तीन वर्षं कला परिषदेचा संचालक झाला, तेही डब्लिनच्या आर्चबिशपना रुचलं नव्हतंच. कॉर्कनं १९८८ साली त्याचा नागरी सन्मान केला. तीन वर्षांनी तो गेला.

"त्याच्या कथा कशा आहेत?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. चांगल्या आहेत, काही फारच चांगल्या. पण माझ्या लेखी त्याचं मोठं काम ती सहा वर्षंच. तुम्हाला वाचायचंच असेल तर आधी 'बेल'ची पहिल्या वर्षातली संपादकीयं वाचा. कथा नंतर वाचल्या तरी चालतील.