कीटनची भिंत आणि माझा पुठ्ठा

अमेरिकन मूकपटांतला विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटन याचे चित्रपट मी क्रमाने पाहतोय. आधी हिशेब. त्याच्या स्वतःच्या कंपनीतले 1920 ते 1923 मधले लघुपट 19, सगळे पाहून झाले. त्यानंतरचे मोठे मूकपट 12. त्यातले 11 झाले, ‘स्पाइट मॅरेज’ तेवढा उरलाय. विनोदी नट रोस्को आर्बकलबरोबरचे सुरुवातीचे जेवढे हाती लागले तेवढे पाहिले. बोलपटांना अजून हात लावलेला नाही. खरं सांगायचं तर हिंमत होत नाही.

क्रमाने पाहायचा हट्ट मी धरला तेव्हा घरात सगळे हसले. पण क्रमाने पाहिलं म्हणूनच भिंत सापडली. ‘स्टीमबोट बिल, ज्युनिअर’ (1928) मधलं ते दृश्य कीटनच्या सगळ्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. वादळ सुटलंय, कीटन रस्त्यात बावळटासारखा उभा आहे, मागच्या घराची दर्शनी भिंत अख्खी त्याच्या अंगावर कोसळते आणि पोटमाळ्याच्या उघड्या खिडकीतून तो जसाच्या तसा उभा राहतो. पण ही भिंत पडायला लागली ती नऊ वर्षं आधी. 1919 च्या ‘बॅक स्टेज’मध्ये नाटकाचा रंगवलेला पडदा आर्बकलवर पडतो आणि खिडकी त्याला वाचवते. 1920 च्या ‘वन वीक’मध्ये नवरा-बायको खोक्यातून आलेलं घर जोडतात, तिथे हीच भिंत लाकडाची होते आणि खाली कीटन असतो. आठ वर्षांनी तिचं वजन दोन टन झालं. विनोद तोच, वजन वाढवत नेलं. माझ्या मते कीटनची सगळी कारकीर्द या तीन भिंतींत मावते. (‘द जनरल’चे भक्त आता माझ्यावर तुटून पडतील. पडा.)

माझी हयात पाटबंधारे खात्यात गेली, थिओडोलाइटला (कोन मोजायच्या दुर्बिणीला) डोळा लावून आणि मोजणीची साखळी ओढून. त्यामुळे हे दृश्य पाहताना मला हसू येण्याआधी आकडे दिसतात. माणूस नेमका कुठे उभा करायचा? वाटतं, खिडकी पायापासून जितकी वर, तितक्या अंतरावर. झालं! पण नाही. भिंत पायाशी बिजागरीवर फिरते. ती आडवी होते तेव्हा पावलं जिथे आहेत तो एक बिंदू, आणि पडता पडता जिथे डोकं लागू शकतं तो बिंदू वेगळा, जरा पुढचा. पायथागोरस लावा. माणूस 1.65 मीटर, भिंतीपासून 4 मीटरवर. पावलांसाठी भिंतीवरचं अंतर 4 मीटर, डोक्यासाठी 4.33 मीटर. म्हणजे उघडी जागा किमान 33 सेंटिमीटर हवी, वर शरीराची जाडी. तोच माणूस दीड मीटरवर उभा केला, म्हणजे तळमजल्याची खिडकी घेतली, तर नुसता फरकच 73 सेंटिमीटरवर जातो. खिडकी जितकी उंच, तितकी ती लहान असूनही चालते. म्हणून पोटमाळ्याची खिडकी! हे मला कागदावर उलगडलं त्या रात्री झोप लागली नाही.

मग हे करून पाहायचं ठरवलं. तर प्रगती अशी. 1:20 मापाचं पुठ्ठ्याचं घर केलं. माणूस खोडरबरातून कापला, उंची सव्वाआठ सेंटिमीटर, भिंतीपासून 20 सेंटिमीटरवर. पहिल्या पंधरा प्रयत्नांत अकरा वेळा मेला. कारण गणित नव्हे, पुठ्ठा. पुठ्ठा पडताना हवेवर तरंगतो, एक कोपरा आधी खाली येतो, आणि खिडकी सरकते. मग कीटनचंच म्हणणं आठवलं: पडणाऱ्या भिंतीवर वादळ दाखवायला लावलेल्या पंख्यांचा झोत येता कामा नये, नाहीतर ती पिळली जाईल आणि हवी तिथे पडणार नाही. दोन टन वजन हे धाडस म्हणून नव्हतं तर. भिंत सरळ पडावी म्हणून होतं! मी पुठ्ठ्याच्या मागे पत्र्याची पट्टी आणि शिशाचे तुकडे चिकटवले. गेल्या वीस प्रयत्नांत एकदाही मेला नाही. एकदा डोक्याचा शेंडा घासला, तेवढं मी मान्य करतो.

‘स्टीमबोट बिल’मधलं ते गाव सॅक्रामेंटो नदीच्या काठी उभारलं होतं. मूळ बेत पुराचा होता. पण 1927 मध्ये मिसिसिपीला महापूर आला, माणसं मेली, आणि पुराचं वादळ करावं लागलं. म्हणजे भिंतीला वारा मिळाला तोही अशा दुःखातून.

मोजमापाचा हा माणूस ‘शेरलॉक ज्युनिअर’मध्ये (1924) तर सर्व्हेअरच झालाय. प्रोजेक्टर चालवणारा पोरगा झोपेत पडद्यात शिरतो, मागचं दृश्य बदलत राहतं, बाग, रस्ता, कडा, समुद्र, आणि तो मात्र जागच्या जागी. हे त्यांनी मोजणीची उपकरणं लावून, कॅमेरा आणि माणूस यांतलं अंतर दर वेळी तंतोतंत जुळवून साधलं. माझ्या नोंदवहीत या पानावर नुसतंच ‘शाब्बास’ लिहिलंय. याच चित्रपटात रेल्वेच्या पाण्याच्या टाकीच्या नळाखाली तो रुळावर आपटला आणि मानेचं हाड मोडलं. कळलं ते कित्येक वर्षांनी, एक्स-रेमध्ये. गंमत म्हणजे तो फटका चित्रपटात आहे, आणि तो उठून पळत जातो.

नातीने विचारलं, “आजोबा, हा हसत का नाही?” तिला गोष्ट सांगावी लागली. 1895 साली कॅन्ससमधल्या पिक्वा गावी जन्म, आईबाप फिरत्या तमाशेवाल्यांसारखे, व्हॉडव्हिलचे. पोराला ‘थ्री कीटन्स’च्या खेळात घेतलं. बाप त्याला स्टेजभर फेकायचा. फेकायला सोपं जावं म्हणून कपड्यांना सुटकेसची मूठ शिवलेली. पोराच्या लक्षात आलं की आपण हसलो की लोक कमी हसतात. नात म्हणाली, “मग त्याच्या बाबांना कोणी ओरडलं नाही?” ओरडले. मुलांच्या संरक्षणासाठी असलेली संस्था मागे लागायची. पुढे बापाची दारू वाढली आणि 1917 मध्ये खेळ मोडला. त्याच वर्षी आर्बकलच्या ‘द बुचर बॉय’मध्ये तो पहिल्यांदा कॅमेऱ्यापुढे आला.

‘द जनरल’बद्दल थोडक्यात. ऑरेगॉनमधल्या कॉटेज ग्रोव्हजवळ 23 जुलै 1926 रोजी खरं इंजिन जळत्या पुलावरून नदीत घातलं, ते पाहायला गाव लोटलं होतं. कितीही वेळा पाहा, श्वास अडकतो. पण अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचा नायक हे मला आता खुपतं, आणि अठरा वर्षांचा असताना खुपलं नव्हतं. नोंदवहीत दोन्ही लिहिलंय. तेव्हा तो चित्रपट पडला. आज जो-तो डोक्यावर घेतो.

आता तो भाग जिथे माझा वेग मंदावलाय. 1928 मध्ये कीटन एमजीएम या बड्या चित्रपट कंपनीकडे गेला. चॅप्लिन आणि हॅरोल्ड लॉइड, तेव्हाचे दुसरे दोन विनोदवीर, दोघांनी जाऊ नको म्हणून बजावलं होतं. ‘द कॅमेरामन’ अजून झकास आहे. रिकाम्या यँकी स्टेडियममध्ये तो एकटा बेसबॉल खेळतो तिथे चेंडूही नाही, आणि तरी आपल्याला चेंडू दिसतो. पण पुढे पटकथा इतरांची, वेळापत्रक कंपनीचं, ‘आधी सेट लावू, मग काय सुचतं ते बघू’ संपलं. घटस्फोट 1932, कंपनीने काढलं 1933, दारू. त्याच कंपनीत पुढे दुसऱ्यांच्या चित्रपटांना विनोद पुरवत बसला. 1940 मध्ये एलिनॉर नॉरिसशी लग्न झालं आणि मला वाटतं त्याने जगायचं ठरवलं ते तिथे. 1960 मध्ये मानद ऑस्कर; 1 फेब्रुवारी 1966 रोजी गेला.

पुढचं काम: ‘स्पाइट मॅरेज’, आणि टोपी. कीटनची चपटी टोपी तो स्वतः करायचा. चांगली फेल्ट हॅट कापायची आणि कडेला साखरपाणी लावून कडक करायची. कपभर कोमट पाण्यात तीन भरघोस चमचे साखर, असं त्याचं प्रमाण. मी जुन्या बाजारातून टोपी आणली, कड पाटावर सपाट करून साखरपाणी फासलं आणि रात्रभर गॅलरीत वाळत ठेवली. कड मस्त कडक झाली. सकाळी टोपी जागेवर होती, आणि पाटापासून कुंडीपर्यंत काळ्या मुंग्यांची रांग लागली होती. हळदीची रेघ ओढली आहे. उद्या पाहू.