वजनकाटा, ग्रिझली गल्च आणि माझी टूरिंग स्की

युटामधल्या सॉल्ट लेक सिटीत टूरिंग स्की, म्हणजे लिफ्टशिवाय स्वतःच्या पायांनी डोंगर चढून मग उतरायची स्की, बघायला मी ज्या ज्या दुकानात शिरले, तिथे काउंटरवर डिजिटल वजनकाटा होता. "बॅककंट्रीसाठी स्की हवी" (बॅककंट्री म्हणजे रिसॉर्टबाहेरचा मोकळा डोंगर) एवढं म्हणायचा अवकाश, विक्रेता एक स्की उचलतो, काट्यावर ठेवतो आणि आकडा तुमच्याकडे वळवतो. बाराशे साठ ग्रॅम. मग दुसरी, तेराशे दहा. मी स्कीइंग कुठे शिकले, उतरताना मला काय करायला आवडतं, मी उलटी उतरते का, उड्या मारते का, हे कुणीही विचारलं नाही. एका दुकानात मीच म्हणाले की मी पार्कमधून, म्हणजे उड्या मारायला बांधलेल्या उतारावरून, आलेय, मला ट्विन टिप, म्हणजे दोन्ही टोकं वर वळलेली स्की, लागते. त्यावर तो मुलगा अतिशय प्रेमाने म्हणाला, "टूरिंगला लागलात की ते सगळं सुटतं."

मला याचा राग आला आणि अजूनही आहे. सुटायला ते व्यसन थोडंच आहे! हा लेख त्या रागातून लिहिते आहे.

माझं स्कीइंग ऑन्टारिओचं. टोरांटोहून उत्तरेला, बॅरीच्या पुढे माउंट सेंट लुई मूनस्टोन नावाची टेकडी आहे. तिला डोंगर म्हणताना सह्याद्रीत वाढलेल्या माझ्यासारखीची जीभ अडखळते. लिफ्टने वर जायचं आणि दोन मिनिटांत परत खाली. असल्या टेकडीवर तुम्ही लांब वळणं घेत बसला तर महिन्याभरात कंटाळाल. म्हणून तिथली मुलं पार्कात जातात आणि त्यांच्या मागोमाग मीही गेले. बॉक्स, रेल (स्की ज्यांवरून घसरवत नेतात ते खोके आणि दांडे), छोट्या उड्या, मग जरा मोठ्या. स्की उलटी सोडून पाठमोरं उतरणं, म्हणजे स्विच. स्कीच्या टोकावर भार देऊन गरकन फिरणं, म्हणजे बटर. उतार छोटा असला तरी त्यावर करण्यासारखं संपत नाही, हे मला त्या टेकडीने शिकवलं.

आणि हे सगळं शक्य झालं ते स्कीच्या आकारामुळे. पूर्वी स्कीची शेपूट सपाट असायची. ती पुढे जाण्यासाठीच बनवलेली असे. १९९८ साली सॅलोमनने 'टेन-एटी' ही दोन्ही टोकं वर वळलेली स्की काढली. तिच्यामागे माइक डग्लस आणि त्याचे कॅनेडियन सोबती होते. हे सगळे मोगलवाले, म्हणजे उंचवट्यांच्या उतारावरचे स्कीयर. मोगलच्या नियमांत जीव घुसमटला म्हणून त्यांनी कॅनडातल्या ब्लॅककोंब डोंगराच्या हिमनदीवर उन्हाळ्यात वेगळं काहीतरी सुरू केलं. मागचं टोक वर आलं तसं पाठमोरं उतरणं आणि पाठमोरं जमिनीवर येणं सोपं झालं. मला हा इतिहास फार जवळचा वाटतो, कारण तो एका हट्टातून जन्मला आहे.

तर मी युटाला गेले ते हाच हट्ट घेऊन. लिफ्ट नको, रांग नको, स्वतःच्या पायांनी चढायचं आणि कुणी न मळलेल्या बर्फात, निसर्गाने ठेवलेल्या उंचवट्यांवरून उड्या मारायच्या. माझा मावसभाऊ, दादा, सँडीला राहतो, लिटल कॉटनवुड कॅन्यनच्या तोंडाशी. तो टूरिंग करतो, पण त्याचा पंथ वेगळा. स्की माउंटेनिअरिंगच्या, म्हणजे स्की लावून डोंगर चढण्या-उतरण्याच्या, शर्यती त्याचा जीव की प्राण. हा खेळ २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये आला तेव्हा त्याने घरी पेढे वाटले. त्याच्या स्की उचलल्या की हातात काही आहे असं वाटतच नाही.

विमान, सामान, पहिले काही दिवस हे सगळं गाळते. कॅन्यनच्या रस्त्यावरच्या शनिवारच्या गाड्यांच्या रांगेबद्दल एवढंच सांगते की शनिवारी जाऊ नका.

ग्रिझली गल्च ही याच कॅन्यनमधल्या आल्टाच्या वरच्या टोकाला सुरू होणारी घळ. आल्टा म्हणजे एकेकाळचं चांदीच्या खाणींचं गाव. १९३९ साली तिथे स्कीची लिफ्ट सुरू झाली, आणि आजही तिथे स्नोबोर्डला मनाई आहे. घळीत खाणींतून उपसलेल्या दगडमातीचे ढिगारे अजून पडलेत. त्यांवर बर्फ साचलं की त्यांच्या उड्या होतात. अशाच दोन ढिगाऱ्यांमधली सुमारे १२० फुटांची दरी म्हणजे चॅड्स गॅप. आमच्या जगात हे तीर्थक्षेत्र आहे. फ्रान्सचा स्कीयर कँडिड थोव्हे इथून उडाला. २००५ मध्ये टॅनर हॉल या स्कीयरची उडी इथेच कमी पडली आणि त्याचे दोन्ही घोटे मोडले. मी त्या ढिगाऱ्याखाली उभी राहून वर बघितलं. ती उडी माझी नाही, कधीच होणार नाही. पण तिथे उभं राहून अंगावर काटा आला हे खरं.

पहिल्या दिवशी दादाच्या आग्रहाने मी भाड्याने हलकी स्की घेतली. कार्बनची, सपाट शेपटीची, वर पिनचं बाइंडिंग (बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड). सकाळी युटा अव्हलांच सेंटरचा हिमस्खलनाचा अंदाज वाचला. त्यात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात आणि त्या दिवशी सगळ्यात खालची होती. मग बीकन, म्हणजे बर्फात गाडलेल्याचा माग काढणारी यंत्रं, तपासली, फावडं आणि प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, पिशवीत आहेत ना ते बघितलं आणि निघालो.

चढताना त्या स्कीने मला जिंकलं, हे प्रामाणिकपणे सांगते. स्किन, म्हणजे चढताना स्कीच्या तळाला चिकटवायची केसाळ पट्टी, बर्फावर सरकण्याचा तो सूं सूं आवाज, पाय उचलावाच लागत नाही, नुसता पुढे ढकलायचा. किक टर्नला, म्हणजे चढावरच्या नागमोडी वाटेत जागच्या जागी स्की फिरवताना, टाच झटकली की टोक आपोआप वर. ट्विन लेक्स पास साधारण दहा हजार फुटांवर आहे, गाडीतळापासून सुमारे साडेचारशे मीटरची चढण. सिंहगडावर रविवारी सकाळी सत्तरीचे आजोबा जसे तुम्हाला मागे टाकून जातात, तसे तिथेही पांढऱ्या केसांचे लोक "गुड मॉर्निंग" म्हणत पुढे जात होते, आणि मीही त्यांच्या बऱ्यापैकी मागोमाग होते. खिंडीत पलीकडे ब्रायटन या स्की रिसॉर्टची बाजू दिसते. तिथे वहिनीने दिलेल्या दशम्या खाल्ल्या. कडाक्याच्या थंडीत चॉकलेटचे बार दगडासारखे होतात, दशमी मऊ राहते. बॅककंट्रीबद्दलचा हा सल्ला तुम्हाला कुठल्याही दुकानात मिळणार नाही.

मग उतरायला लागलो, आणि अर्ध्या वाटेवर तो उंचवटा आला.

फार मोठा नव्हता. ढिगाऱ्याचा गोलसर माथा, त्याखाली माणूसभर उंचीचा उभा कडा आणि पुढे जिथे पाय टेकायचे तिथे स्वच्छ, मऊ, बरोबर पाहिजे तेवढा उतार. वर झाडांची सावली, त्यामुळे बर्फ उन्हाने बिघडलेला नव्हता. असा उंचवटा पार्कात बनवायला यंत्रं आणि आठवडा लागतो. इथे तो माझी वाट बघत असल्यासारखा होता. आणि मी त्याच्या माथ्यावर उभी राहून उडी मारली नाही.

का नाही, ते सांगायलाच हवं. पिनचं बाइंडिंग ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने १९८० च्या दशकात शोधलं आणि चढणाऱ्यांचं आयुष्य बदलून टाकलं. बुटाच्या टोकाला दोन बाजूंनी दोन पिना, टाचेत दोन पिना, बस. वजन नगण्य. पण नेहमीच्या अल्पाइन बाइंडिंगमध्ये दणका बसला की बूट थोडा सरकतो आणि परत जागेवर येतो. ती जी सवड आहे, ती साध्या पिनांमध्ये जवळजवळ नसते. बूट एकतर धरलेला असतो नाहीतर सुटलेला. हवेतून खाली येताना थोडं वाकडं पडलं तर नको तेव्हा स्की सुटू शकते, आणि पुढच्या पिना कुलूप लावल्यासारख्या अडकवल्या तर हवी तेव्हा सुटणार नाही. शिवाय सपाट शेपूट. खोल बर्फात जरा मागे भार गेला की ती कुदळीसारखी रुतते, आणि पाठमोरं टेकायचा तर प्रश्नच नाही.

हे सगळं माहीत असताना मी बाजूने वळण घेऊन खाली आले. वळण चांगलं झालं. दादा खालून ओरडला, "मस्त गं!" आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी इतक्या लांब येऊन, इतकं चढून, दुसऱ्या कुणाचं स्कीइंग करून खाली आले होते.

रात्री जेवताना वाद झाला. दादाचं गणित साधं. "दिवसातला नऊ दशांश वेळ चढण्यात जातो. मग स्की चढण्याची नको का?" मी म्हटलं, "दादा, वेळ चढण्यात जातो, पण आपण जातो कशासाठी?" तो म्हणाला, "मी तर चढण्यासाठीच जातो." तो खरंच चढण्यासाठी जातो, आणि म्हणून त्याची स्की त्याच्यासाठी अगदी बरोबर आहे. त्याच्या या उत्तराने माझं मन स्वच्छ झालं. वजन तुम्हाला दहा ठिकाणी कमी करता येतं. बूट हलके घ्या, पिशवीतलं अर्धं सामान काढा, स्किनमध्ये मोहेरचं, म्हणजे अंगोरा बोकडाच्या केसांचं, प्रमाण जास्त ठेवा म्हणजे ती जास्त सरकते, नाहीतर सरळ हळू चढा. पण स्कीचा आकार एकदा घेतला की घेतला. सपाट शेपूट नंतर वर वळवता येत नाही.

परत निघायच्या आदल्या दिवशी दुसरी जोडी भाड्याने घेतली. १०६ मिलिमीटर रुंद, दोन्ही टोकं वळलेली, एक स्की सतराशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पार्कच्या स्कीपेक्षा हलकी, दादाच्या मते धोंडा. बाइंडिंग हायब्रीड. चढताना पिना, उतरताना अल्पाइनसारखी पकड. ही कल्पना २०१८ मध्ये सॅलोमन आणि अ‍ॅटोमिकच्या शिफ्ट या बाइंडिंगने सगळीकडे पोचवली, आता इतरांचीही आहेत. एका बाइंडिंगचंच वजन नऊशे ग्रॅमच्या घरात जातं, आणि चढताना ते प्रत्येक पावलाला जाणवतं.

ट्विन टिपचा दुसरा जाच किक टर्नला कळला. फ्रीस्टाइलवाले, म्हणजे उड्या-गिरक्या मारणारे, बाइंडिंग स्कीच्या मध्याच्या जवळ बसवतात, म्हणजे फिरताना दोन्ही बाजू सारख्या वाटतात. त्यामुळे बुटाच्या मागे स्की जास्त लांब उरते. वळताना ती मागे बर्फात अडकते. आणि गोल शेपटीवरून स्किनचा मागचा हुक घसरतो. माझा घसरला, ओल्या बर्फाने स्किनचा डिंक सुटायला लागला, दादाने त्याच्याकडची पट्टी गुंडाळून दिली. टूरिंग करणार असाल तर शेपटीला हुकासाठी खाच असलेली ट्विन टिप शोधा. अशा स्की आता मिळतात, आणि ही गोष्ट वजनकाटा सांगत नाही.

खिंडीत पोचायला आदल्या वेळेपेक्षा खूप जास्त वेळ लागला. दशम्या दादाने आधीच संपवल्या होत्या.

उंचवट्यावर तीन-चार जणांच्या खुणा पडल्या होत्या, पण टेकायची जागा अजून बरीच कोरी होती. आधी सरळ उडी मारली, फक्त स्की कशी टेकते ते बघायला. मऊ, खोल, पायाखालून एक दीर्घ दणका आणि मग शांतपणे पुढे. दादाला बाजूला उभं केलं, पुन्हा स्किन चिकटवून वर गेले, आणि अर्धं वळण घेऊन पाठमोरी टेकले. शेपूट रुतली नाही. ती बर्फावर वर आली, मी स्विच तशीच घळीत वळत राहिले, आणि तोंडातून जी किंकाळी निघाली ती ठाण्याच्या आमच्या चाळीत ऐकू गेली असती तर सगळे गॅलरीत आले असते. दादा काही बोलला नाही. मग म्हणाला, "परत एकदा कर, मी व्हिडिओ काढतो."

टोरांटोला आल्यावर याच घडणीची स्की घेतली. १७२ सेंटिमीटर. माझी उंची १६५, पण दोन्ही टोकं वर वळलेली असली की बर्फाला टेकणारा भाग कमी असतो, म्हणून थोडी लांब. बाइंडिंगसाठी कंपनीने आखलेली रेघ मध्यापासून साडेसहा सेंटिमीटर मागे होती. माझ्या पार्कच्या स्कीवर बाइंडिंग दोन सेंटिमीटर मागे आहे. मी चार सांगितलं. दुकानातल्या तंत्रज्ञाने दोनदा विचारलं, कारण भोकं पाडल्यावर ती हवी तशी सरकवता येत नाहीत. मी दोनदा चारच सांगितलं. पार्कची जुनी जोडी ठेवली आहे. टूरिंग स्कीच्या पातळ कडा रेलवर घासल्या तर फुटतील, तिथे जाड कडाच हव्यात. बूट मात्र नवे घ्यावे लागले, कारण पार्कच्या बुटांना पिनांची भोकं नव्हती. सगळं मिळून दोन हजार डॉलरच्या वर गेलं. आईला मी हा आकडा अजून सांगितलेला नाही, तेव्हा ओळखीच्या वाचकांनी कृपया गप्प राहावं.

दुकानात वजनकाटा इथेही होताच. तंत्रज्ञ स्की त्यावर ठेवायला लागला तेव्हा मी त्याला थांबवलं आणि आधी शेपटीची खाच दाखवायला सांगितली.